आज कुठली भाजी आहे?

ठाण्यात शाकाहारी हॉटेलांची वानवा नाही. वानवा आहे ती भाजीची. राम मारुती रोडवर बसा नाहीतर घोडबंदरला, मेन्यूकार्डाचं शाकाहारी पान बहुतेक ठिकाणी सारखंच. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला, पनीर कढाई, पालक पनीर, मटार पनीर. मग काजू करी. मग व्हेज कोल्हापुरी, व्हेज हंडी, व्हेज मराठा. त्या पानावर दोडका नाही, पडवळ नाही, घेवडा नाही, शेपू आणि चाकवत तर नाहीच नाही. आणि त्याच वेळी जांभळी नाक्याच्या मंडईत यातलं बरंच काही ढिगांनी पडलेलं असतं.

हॉटेलच्या भटारखान्यात सकाळी तीन पातेली चढतात. एक लाल, कांदा-टोमॅटोचं. एक पिवळं. एक पांढरं, काजू आणि मगजबीचं, त्यात क्रीम नाहीतर मावा. ऑर्डर आली की यातल्या एकातून दोन डाव घ्यायचे, उकडून ठेवलेले गाजर, फरसबी, फ्लॉवर आणि मटार त्यात लोटायचे. वर लाल तिखटाची फोडणी पडली की ती कोल्हापुरी, मडक्यात ओतली की हंडी. कोल्हापूरच्या कुठल्याही घरात अशी भाजी शिजत नाही. तिथल्या बायकांनी कांदालसणाच्या चटणीवर, शेंगदाण्याच्या कुटावर जी वांगी आणि जी मटकी शिजवली, त्यांचा या पातेल्याशी काही संबंध नाही. नाव कोल्हापूरचं लावायचं आणि चव कुठलीच द्यायची नाही, याचा मला राग येतो.

हे झालं दूध-तूप खाणाऱ्याचं. जो दूध, दही, लोणी, तूप, पनीर, मध यातलं काहीच खात नाही, त्या व्हीगन माणसाचं काय होतं? पांढरं पातेलं बंद, बहुतेक पिवळंही बंद. परवा माझ्या व्हीगन भाचीबरोबर जेवायला गेलो होतो. तिनं वेटरला नीट विचारलं, "दादा, डाळफ्रायमध्ये तूप आहे का?" "थोडं असतं, ताई." "तेलात करून मिळेल?" तो आत जाऊन विचारून आला, "होईल म्हणाले." डाळ आली ती वर तुपाची धार घेऊनच. आचाऱ्यानं फोडणी तेलाची केली होती, आणि देताना हाताच्या सवयीनं तूप सोडलं होतं. त्या पोरानं मान खाली घालून वाटी परत नेली. चूक त्याची नव्हती. आत काय शिजतं आणि कशात शिजतं हे बाहेर वाढणाऱ्याला कोणी सांगतच नाही.

व्हीगन म्हटलं की आपल्याकडे लोक नाकं मुरडतात: हे परदेशी फॅड, पैसेवाल्यांचे चोचले. व्हीगन सोसायटी 1944 साली इंग्लंडमध्ये निघाली हे खरं. पण ताट आपलं आहे. 1995 साली युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली. बेसन, कांदा, मिरची, तेल, आणि भाकरीचं पीठ. दुधाचा थेंब नाही. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. महाराष्ट्र सरकारनं गरिबाचं पोट भरायचं ठरवलं तेव्हा दोन्ही वेळा ताटात जे वाढलं, ते जवळजवळ सगळं जमिनीतून उगवलेलं होतं. वडापाव घ्या, पावाला लोणी फासलं नसेल तर त्यात प्राण्याचं काही सापडणं अवघड. मिसळ घ्या, दह्याची वाटी बाजूला ठेवली की संपलं. दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला 2015 साली फूडीहबनं जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, ते काही त्यात पनीर घातलं म्हणून नव्हे.

कोकणात तर मला या पनीरनं रडू आणलंय. मालवणला मासे न खाणारा माणूस गेला की त्याच्यापुढे येतं डाळफ्राय आणि फ्रीजरमधलं पनीर. अहो, तुमच्या स्वतःच्या घरात आज काय शिजलंय ते वाढा ना! काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, केळफूल, चैत्रात ओल्या काजूची उसळ, जोडीला घावणे आणि नारळाच्या दुधातली सोलकढी. यातल्या कशालाच दुभत्या जनावराची गरज लागत नाही. गोव्यात पाहा. तिथं साध्या हॉटेलात सकाळी भाजी-पाव मिळतो, वाटाण्याची पातळ भाजी नाहीतर बटाट्याची सुकी, आणि मासळीवर जीव टाकणारे बरेच हिंदू गोंयकारही सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवतात. तिथलं खतखतं हे पाच-सहा भाज्यांचं, खोबऱ्याचं आणि तेफळांच्या वासाचं पक्वान्न आहे. ते हॉटेलच्या कार्डावर क्वचित दिसतं, आणि पनीर टिक्का मात्र समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्येसुद्धा हजर. मासे खाणाऱ्या पाहुण्याला आपण घरची कढी वाढतो, न खाणाऱ्याला पाकिटातलं. हा कुठला पाहुणचार?

आता चिन्हांविषयी. पाकिटावरचा हिरवा ठिपका दूध, तूप, मध असलेल्या वस्तूंनाही मिळतो. व्हीगन माणसाला त्याचा उपयोग अर्धाच. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2021 साली व्हीगन खाद्यासाठी वेगळं हिरवं चिन्ह दाखवलं आणि 2022 साली त्याचे नियम केले. चांगलं झालं. पण ते पाकिटांपुरतं. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांना पदार्थात दूध, शेंगदाणे, गहू यांसारखे ॲलर्जीचे घटक आहेत का हे सांगावं लागतं. नाक्यावरच्या हॉटेलाला ते बंधन नाही. म्हणजे परदेशी नावाच्या बर्गरवाल्याकडे दुधाची माहिती मिळते आणि आपल्या उडप्याकडे नाही. उडप्यानं कायद्याची वाट कशाला पाहायची? सांबारात तूप नाही, उपम्यात आहे, एवढं फळ्यावर लिहायला खडू पुरतो.

खडूवरून आठवलं. या शहरात भाजी मिळण्याची खात्रीची जागा एकच, पोळी-भाजी केंद्र. जेमतेम एका गाळ्याची जागा, बाहेर फळा: मटकीची उसळ, मेथी, वालाचं बिरडं, भेंडी, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. आत चार बायका, एक पोळ्या लाटते, एक भाजते, एक भाज्यांच्या पिशव्यांना गाठ मारते, चौथी पैसे घेते आणि त्याच वेळी फोनवर उद्याच्या दोनशे पोळ्यांची ऑर्डरही घेते. तिला विचारा, "ताई, मेथी कशात केलीय?" ती पातेल्याकडे न बघता सांगते, "शेंगदाण्याच्या तेलात. पोळीला तूप नको असेल तर आधी सांगा, कोरडी देते." संपलं. एवढ्या उत्तरासाठी शहरभर वणवण करावी लागते. ही केंद्रं ज्या गल्ल्यांत आहेत त्या गल्ल्यांतली एकटी माणसं नीट जेवतात. जिथं नाहीत तिथं नूडल्सवर रात्र काढतात. नव्या टॉवरांच्या खाली सलून निघतं, जिम निघतं, तीन-तीन कॅफे निघतात. एक गाळा पोळी-भाजीला द्या. बिल्डरांना आणि सोसायट्यांना माझं हे हात जोडून सांगणं आहे.

आणि पाऊस पडला की स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावश्या. मुरबाड, शहापूरकडून पहाटेच्या गाडीनं येतात, पुढ्यात शेवळांच्या जुड्या, फोडशी, टाकळा, कुर्डू, थोडं पुढे कंटोळी. शेवळं खाजरी, त्यांच्याबरोबर काकडं मागून घ्यायची, नाहीतर चिंच घालायची, नाहीतर घसा धरतो. हे ती मावशी न विचारता सांगते. चणाडाळ किंवा वाल घालून केलेली ही भाजी ज्यानं खाल्ली, तो मटणाची आठवण काढत नाही. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तिथं फोटो निघतात, भाषणं होतात. हॉटेलवाल्यांनी त्या मावशीकडून रोजच्या वीस जुड्या घेतल्या तर तिला दुपारपर्यंत उन्हापावसात बसावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. शाकाहारी जेवण मागणं वेगळं आणि शाकाहारी शेजार मागणं वेगळं. 2023 साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली, आणि विरोध म्हणून तिथं बसून मांसाहार करणाऱ्याला 10,000 रुपये दंड झाला. मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं 'प्युअर व्हेज' जेवणासाठी हिरव्या गणवेशातला वेगळा ताफा जाहीर केला. ओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी गणवेश मागे घ्यावा लागला. तो घ्यायलाच हवा होता. डबा आणणाऱ्या पोराच्या शर्टाच्या रंगानं माझ्या वरणाला काही होत नाही. मासे खाणाऱ्या कुटुंबाला घर नाकारणाऱ्या सोसायट्या मुंबई-ठाण्यात आहेत, आणि त्या शाकाहाराच्या नावानं जातच पाळतात. मला भाजी हवी आहे. बाजूच्या टेबलावर कोणी सुरमई खात असेल तर त्यानं ती सुखानं खावी.

व्हीगन होऊ पाहणाऱ्या तरुणांनाही दोन शब्द. बी-12 वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. गोळी घ्या किंवा ते घातलेलं अन्न घ्या, आणि रक्त तपासून घ्या. याला पर्याय नाही. कॅल्शियमसाठी बदामाच्या महागड्या दुधाकडे धावू नका. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात 120 च्या आसपास. तीळ घरात असतातच. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, एखादी उसळ. बदामाच्या एका खोक्याच्या पैशात हे आठवडाभर जेवता येतं.

हॉटेलवाले म्हणतात, गिऱ्हाईक घरची भाजी खायला आमच्याकडे येत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाविषयी बोलताय तुम्ही? वाढदिवसाला येणाऱ्या कुटुंबाला पनीर द्या, माझी ना नाही. पण घोडबंदरला तिघीत एक खोली भाड्यानं घेऊन राहणाऱ्या, गॅस नसलेल्या नर्सेस आहेत. रात्रपाळी करणारी आयटीतली पोरं आहेत. मुलं परदेशी गेल्यामुळे एकटे उरलेले, गुडघ्यांमुळे ओट्याशी उभं राहू न शकणारे आजी-आजोबा आहेत. ही माणसं चैन म्हणून बाहेरचं खात नाहीत, तेच त्यांचं रोजचं जेवण आहे. पनीर त्यांच्या खिशाला परवडत नाही आणि रोज पोटालाही झेपत नाही. दोडका पनीरपेक्षा स्वस्त आहे, शिजायला वीस मिनिटं लागतात, आणि त्याच्या शिरांची चटणी फुकटात होते. कार्डावर एक ओळ मोकळी सोडा, रोज सकाळी मंडईतून जे येईल ते तिथं लिहा, शेजारी तेल की तूप तेही लिहा. आठवड्यातून तीनदा तरी पालेभाजी, दोनदा उसळ, दोन भाकऱ्या आणि कांदा, सगळं मिळून ऐंशी रुपयांत. त्या नर्सला संध्याकाळी कामावरून परतताना एवढं मिळालंच पाहिजे.