कसला तरी वास येतोय

आमच्या आईकडे कुस्करलेल्या सगळ्या गोष्टींसाठी एकच शब्द आहे : भरीत. वांग्याचं भरीत, लाल भोपळ्याचं भरीत, केळ्याचं भरीत. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमधून उतरून मी घरी येतो तेव्हा माझ्या शर्टाकडे बघूनही ती तेच म्हणते. त्यामुळे बंगळुरूहून चार-आठ दिवसांसाठी आलेल्या मुलीने जेवताना 'स्मोकी स्पायसी ग्वाकामोले'चं वर्णन सुरू केलं, तेव्हा आईने हातातला घास तोंडात जायच्या आत निकाल देऊन टाकला.

"म्हणजे भरीतच की."

"भरीत नाही गं आजी. अवोकॅडो असतो त्यात."

मुलीने मोबाइलवर फोटो दाखवला. आईने चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. "पोपटी आहे. अजून पिकायचंय."

विषय खरं तर इथेच मिटायचा. पण मुलीने त्या वाटीभर प्रकाराची किंमत सांगितली आणि माझ्या तोंडून "त्यात काय एवढं, मी घरी करतो" हे वाक्य निघून गेलं. याच वाक्यापायी आजवर आमच्या घरातल्या दोन कढया आणि एक मिक्सर कामी आलेत. बायको काहीच बोलली नाही. तिने फक्त नवा नॉनस्टिक तवा उचलून कपड्यांच्या कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येताना उल्हासनगरला उतरलो. उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू जगात अजून तयार व्हायची आहे, अशी आमच्या पट्ट्यातली श्रद्धा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना लष्कराच्या जुन्या कल्याण कॅम्पात ठेवलं, ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे शहराची कोनशिला बसवली आणि नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या त्या माणसांनी पापडापासून फर्निचरपर्यंत जे जमेल ते विकून शहर उभं केलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आमच्याकडे आजोबांकडून नातवाकडे जातो. त्यामुळे फळवाल्या काकांना मी जरा जपूनच विचारलं, "हा माल इम्पोर्टेड आहे का?"

"एकदम इम्पोर्टेड, साईं. कुर्गचा आहे."

कुर्ग परदेशात नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. "तुम्ही राहता कुठे?" त्यांनी विचारलं. बदलापूर म्हणालो. "मग तुम्हाला परदेशच," असं म्हणून त्यांनी तीन फळं पिशवीत टाकली. दोन दगडासारखी, आणि एक 'आजच्या आज करा' या तंबीसह.

आता उल्हासनगर ते बदलापूर मध्ये एक अंबरनाथ, बस्स. पण गाडी कल्याणलाच भरून आलेली असते आणि उल्हासनगरला चढणारा माणूस डब्यात शिरत नाही, तो डब्यात दाबला जातो. घरी पोचलो तेव्हा 'आजच्या आज'वालं फळ तयार झालेलं होतं; फक्त ते पासावर, छत्रीवर आणि चष्म्याच्या घरात सारखं पसरलं होतं. आईने पिशवीत डोकावून पाहिलं. ती काय म्हणाली ते सांगत नाही.

उरलेली दोन फळं तिने ताब्यात घेतली. अवोकॅडो झाडावर पिकत नाही, उतरवल्यावरच पिकतो, हे मुलीने वाचून दाखवल्यावर आईच्या मनात या फळाबद्दल प्रथमच आपुलकी उत्पन्न झाली. "म्हणजे आंब्यासारखी अढी घालायची. एवढंच ना?" तिने ती तांदळाच्या डब्यात पुरली आणि सोबतीला एक पिकलं केळं दिलं. पिकत्या केळ्यातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो, हे शास्त्र. "संगतीचा परिणाम," असं आईचं म्हणणं, आणि ते बोलताना ती माझ्याकडे बघते.

हास नावाची जात पिकली की काळी पडते, म्हणून कळते तरी. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या पोस्टमनने बागेत लावलेल्या बीतून ती योगायोगाने निपजली. रोपावर त्याने केलेली कलमं जगेनात, म्हणून तो ते तोडायलाच निघाला होता. पुढे १९३५ मध्ये त्याच झाडाचं त्याने पेटंट घेतलं. आमचं कुर्गी फळ हिरवं ते हिरवंच. पिकलं का, हे दाबूनच बघायचं. घरात माणसं चार. प्रत्येक जण येता-जाता डबा उघडून दाबणार. पाचव्या दिवशी फळ मऊ झालं ते पिकून की दाबून, याबद्दल घरात अजून दोन तट आहेत.

तेवढ्या दिवसांत मी अभ्यास केला. नावाचं मूळ मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत : अवाकातल म्हणजे हे फळ, मोल्ली म्हणजे वाटण. 'अवाकातलचं वाटण' हे मी घरात जाहीर केलं तेव्हा आईने फक्त "हं" केलं. त्या 'हं'मध्ये पुष्कळ काही होतं. मग मी मोठी तोफ काढली : मिरची आणि टोमॅटो मूळचे आपले नाहीतच, तिकडच्या अमेरिकेतले, मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. ठेच्याचं मूळ परमुलखात निघाल्यावर घरात दोन मिनिटं सुतकी शांतता पसरली. "आणि लिंबू?" आईने क्षीण आवाजात विचारलं. लिंबू आपल्या बाजूचं, आशियातलं. कांदा-कोथिंबीरही इकडच्या जगातून स्पॅनिश लोकांनी तिकडे नेली. "मग फिटलं," आई म्हणाली. शिवकाळात इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं सांगतात. अशा गावात राहून देवघेवीची लाज कसली?

मुख्य म्हणजे तिकडेही हे वाटण दगडावरच करतात. मोल्काहेते नावाचा तीन पायांचा बेसाल्टचा खल असतो. बेसाल्ट म्हणजे आपला काळा दगड, ज्याचा अख्खा सह्याद्री आहे, ज्यात अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, शिलाहारांनी कोरून उभं केलं, आणि ज्याचा आमचा खलबत्ता आईने लग्नात आणला. तो माळ्यावरून काढताना माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. दगड अस्सल आहे.

रविवारी संध्याकाळी कामाला लागलो. बाहेर पाऊस, खिडक्या अर्ध्या मिटलेल्या. वांग्याच्या जाळीवर टोमॅटो, कांदा, सालासकट लसूण आणि मिरच्या ठेवल्या. पाककृतीत जालापेनो मिरची होती. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल पट्टीवर ती अडीच हजार ते आठ हजार. असल्या मिरचीची आमच्याकडे भजी करतात. मी लवंगी घेतली. सात. लायटरने ऐन वेळी दगा दिला, तेव्हा काडेपेटी शोधण्यात दहा मिनिटं गेली. शेजारच्या अंबरनाथने विम्कोच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं काड्या पुरवल्या, आणि आमच्या देवघरातली पेटी रिकामी.

लवंगी मिरची जाळीवर फुटते तेव्हा ती आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना, मग सोसायटीला. पाचव्या मिनिटाला व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज आला :

"कसला तरी वास येतोय."

आमच्या पट्ट्यात कारखाने जवळ, त्यामुळे अवेळी वास आला की संशयाची सुई कुठे वळायची ते ठरलेलं असतं.

"डोळे चुरचुरताहेत. खिडक्या लावून घ्या."

"पावसाचा फायदा घेऊन कोणीतरी सोडलेलं दिसतंय."

"नाकाला ओला रुमाल लावा. ज्येष्ठांनी बाहेर पडू नये."

एकाने सवयीने गुलाबाचं फूल आणि शुभ रात्री टाकलं. मी बराच विचार करून लिहिलं, "आमच्याकडेही येतोय." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आणि अजून धुरी द्यायची बाकी होती. मेक्सिकोत धुराची चव चिपोतलेतून येते, म्हणजे धुरावर वाळवलेल्या पिकल्या जालापेनोतून. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून दोन कोळसे आणले होते. खलात वाटण झालं, त्यात अवोकॅडोचा गर ओबडधोबड मिसळला, काळा पडू नये म्हणून लगेच लिंबू पिळलं. मधोमध कांद्याच्या पाकळीची वाटी, तीत रसरशीत निखारा, त्यावर चमचाभर तूप, वर झाकण. झाकण घट्ट बसायला हवं होतं. खलबत्त्याला झाकण नसतं, हे त्या क्षणी लक्षात आलं. आम्ही पोळ्यांचा डबा उपडा घातला आणि चारी बाजूंनी धूर सुटला.

बेल वाजली. दारात सेक्रेटरी, तोंडाला रुमाल, हातात टॉर्च.

"तुमच्याकडे जास्त येतोय का हो?"

"बराच," मी म्हणालो.

"भरीत केलंय. या ना आत," आई आतून म्हणाली.

सेक्रेटरी मूळचे जळगावचे. काटक्यांच्या जाळावर वांगी भाजून झालेलं भरीत खाऊन वाढलेले. ते थोडे दुखावलेच. "आजी, भरताचा वास मला नका सांगू. हा केमिकलचा आहे." आणि ते टॉर्च घेऊन वरच्या मजल्यावर गेले.

ग्वाकामोले चांगलं झालं होतं, हे नोंदवून ठेवतो. धूर त्या तुपकट गराने अचूक धरला होता. नाचोजचं पाकीट पावसाने सादळलं होतं, म्हणून बायकोने उल्हासनगरचे सिंधी पापड भाजले, मिरीचे, जाडजूड. पापडावर हिरवा गोळा, वर लवंगीचा ठसका. मुलीने दोन ग्लास पाणी पिऊन "त्या हॉटेलपेक्षा भारी" असं डोळे पुसत सांगितलं. आईने तिसरा पापड संपवून मत दिलं, की वरून हिंग-मोहरीची फोडणी हवी होती.

सोमवारी सोसायटीत तक्रार अर्ज फिरला. मी सकाळच्या गाडीच्या घाईत होतो, पण वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही माझी सवय. अर्जात लिहिलं होतं, 'दि. रविवार रोजी सायंकाळी तिखट, धुरकट व किंचित तुपकट असा उग्र दर्प पसरून रहिवाशांच्या डोळ्यांतून पाणी आले.'

माझ्या स्वयंपाकाचं इतकं नेमकं वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं. सही केली.