बोगद्यातली रजा

गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला पूर्वी साहेब रजा नाकारत. आता साहेब सुधारले आहेत. हसून म्हणतात, "जा की! लॅपटॉप तेवढा घेऊन जा. फाइली सगळ्या शेअर केलेल्याच आहेत." अर्जच नसल्यामुळे तो नाकारण्याचं पापही त्यांना लागत नाही.

आता शेअर केलेली फाइल म्हणजे काय? ती सगळ्यांची असते, म्हणूनच वेळेला कुणाकडेच नसते. वनड्राइव्हमध्ये फाइलपुढे निळा ढग दिसला, की आपल्या लॅपटॉपवर फक्त नाव आहे आणि माल कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर आहे, असं समजावं. क्लिक केल्यावर ती येते, पण नेट असेल तर. लग्नपत्रिकेत छापलेल्या प्रमुख पाहुण्यासारखं. नाव ठळक अक्षरात, येण्याची खात्री कुणी देत नाही.

नेट नसताना काम करायची सोय आहे ना! उत्तम सोय आहे. अट एवढीच, की ती नेट असताना सुरू करायची. गूगल डॉक्ससाठी ब्राउझर क्रोम किंवा एज हवा, त्यात वेगळं एक्स्टेन्शन हवं, ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये खूण हवी. इन्कॉग्निटोमध्ये उघडाल तर काहीच चालणार नाही. शिवाय खात्री हवी असेल तर एकेक फाइल निवडून 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवायची. थोडक्यात, रोह्याच्या पुढे साहेब कोणती फाइल मागतील हे दादरलाच ओळखायचं. खुद्द साहेबांना दुपारी काय हवं असेल ते सकाळी ठाऊक नसतं, ही गोष्ट वेगळी.

काही कचेऱ्यांत ही सोय आयटी विभागानेच बंद ठेवलेली असते. अॅडमिनला तसा अधिकार असतो आणि अधिकार आहे म्हटल्यावर तो वापरला जातोच. कारण विचारलं तर 'गोपनीयता'. मग ती गोपनीय फाइल निघायच्या आदल्या संध्याकाळी आधी स्वतःच्या जीमेलवर जाते, तिथून फोनमध्ये, आणि घाईत बोट घसरलं की ऑफिसच्या सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. सुरक्षा धोरणाला धक्का म्हणून लागत नाही.

कोकण रेल्वेवर रोहा ते ठोकूर या सुमारे 740 किलोमीटरच्या वाटेत 91 बोगदे आहेत. उक्षी सोडल्यावर लागणारा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. 1998 साली हा मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा सह्याद्री पोखरणाऱ्या इंजिनिअरांचं कौतुक झालं. त्यांनी चाकरमान्यांच्या पगारी रजेची तरतूद करून ठेवली आहे, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. बोगद्यात रेंज जाते, मीटिंगमधलं साहेबांचं तोंड उघडं असतानाच गोठतं, आणि माणूस निवांत खिडकीला डोकं टेकतो. त्यात गणपती येतात पावसाळी वेळापत्रकात, म्हणजे गाडीचा वेगही कमी. रेल्वेला लोक उगाच नावं ठेवतात.

गावी पोचल्यावर मात्र खरा खेळ. फाइल लॉगिन मागते, लॉगिन ओटीपी मागतं, आणि ओटीपीला लागणारी रेंज फक्त परसातल्या फणसाखाली. लॅपटॉप ओटीवर चार्जिंगला, फोन झाडाखाली. सहा आकडे घोकत ओटीपर्यंत धावत यावं तर मुदत संपलेली. घरात आरती रंगात आलेली आणि हा गडी फणसाखाली हात उंच करून उभा. शेजारची आजी सुनेला विचारते, "मुंबयसून इल्यापासून तसोच उभो आसा. अंगात बिंगात येता की काय त्येच्या?"

एवढं करून कुणी नेटशिवाय काम केलंच, तर दुसरा वीर साताऱ्यात बसून त्याच एक्सेल फाइलवर तेच करत असतो. दोघांचं नेट परत आलं आणि मेळ बसला नाही, तर वनड्राइव्ह कुणाचीच बाजू घेत नाही. दोन प्रती ठेवतं आणि एकीला लॅपटॉपचं नाव जोडून देतं. मग सोमवारी 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'हीच अंतिम' अशा तीन फाइलींवर मीटिंग होते आणि साहेब मेलमध्ये सापडलेली गेल्या वर्षीची चौथीच मंजूर करतात.

तेव्हा वाचकहो, निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर लागतील त्या फाइली उतरवून ठेवा. मग वायफाय बंद करून त्या खरंच उघडतात का, तेही बघून घ्या. पण उघडल्या तर ऑफिसात बोलू नका. बोगद्यातही काम होऊ शकतं हे साहेबांना कळलं, तर 91 रजा एकदम रद्द होतील.