चिलखताच्या आतला माणूस कुणी काढला?

‘आयर्न मॅन’ कुणाचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: स्टॅन लीचा. थोडं जास्त वाचलेला माणूस जॅक कर्बीचं नाव जोडतो. आणि डॉन हेक? ते नाव निघालंच, तर पाठोपाठ शेरा येतो की तो चित्रकार म्हणून यथातथाच होता. गेली चाळीसहून अधिक वर्षं अमेरिकी कॉमिकच्या जगात हा शेरा तोंडातोंडी फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे.

मार्च १९६३ ही तारीख छापलेला, मार्व्हल कंपनीच्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ या मासिकाचा ३९वा अंक घ्या. आयर्न मॅन पहिल्यांदा अवतरला तो या अंकात. मुखपृष्ठ कर्बीचं. बॉयलरसारखं दिसणारं ते करडं, बोजड चिलखतही कर्बीच्या डोक्यातलं. कथासूत्र लीचं, संवाद त्याचा भाऊ लॅरी लीबरचे. आता मुखपृष्ठ उलटा. आतली तेराच्या तेरा पानं हेकची आहेत, आणि तिथं आधी भेटतो तो टोनी स्टार्क. बारीक मिशी, उत्तम शिवलेला सूट, आपण देखणे आहोत हे पक्कं ठाऊक असलेला चेहरा. हेकनं तो एरोल फ्लिन या सिनेनटाला डोळ्यांपुढं ठेवून काढला. मग व्हिएतनामचं जंगल, सुरुंगाचा स्फोट, काळजाकडं सरकणारा लोखंडाचा तुकडा, आणि त्याला वाचवणारा म्हातारा कैदी शास्त्रज्ञ यिन्सेन. कथेच्या बऱ्याच भागात चिलखत नाहीच. आहेत ती कोंडलेली दोन माणसं आणि त्यांचे चेहरे. त्या चेहऱ्यांवर भीती दिसली नसती, तर चिलखत चढल्यावर वाचकाला काय वाटणार होतं?

चिलखत कर्बीचं होतं हे मान्यच आहे. पण ते पुढं टिकलं का? पुढच्याच अंकात ते सोनेरी झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या अंकात स्टीव्ह डिट्कोनं ते लाल-सोनेरी आणि अंगाबरोबर केलं. त्यानंतर किती हातांनी ते बदललं याची गणती नाही. बदलला नाही तो आतला माणूस. २००८ साली रॉबर्ट डाउनी ज्युनियर पडद्यावर आला तेव्हा त्याचा श्रीमंती थाट, मिश्कील भुवई आणि छातीत लपवलेलं दुखणं हे सगळं हेकच्या पानांवरून चालत आलेलं होतं. जुन्या कथांत स्टार्कला छातीवरचा तो पत्रा सदैव अंगावर ठेवावा लागे आणि त्याची वीज संपत आली की भिंतीतल्या प्लगला वायर लावून बसावं लागे. कोट्यधीश, देखणा, बायकांच्या गराड्यातला हा माणूस शर्टाची बटणं कुणासमोर सोडू शकत नाही. हे मारामारीच्या चित्रांतून सांगता येत नाही. त्यासाठी खांद्याचा बाक काढता यावा लागतो, नजर चुकवणारे डोळे काढता यावे लागतात. हेकला ते येत होतं.

आयर्न मॅन आल्यावर सहा महिन्यांनी, ४५व्या अंकात, हेकनं आणखी दोघांना आणलं. पेपर पॉट्स ही स्टार्कची सेक्रेटरी. नाकावर ठिपके, केस मागं बांधलेले, तोंड फटकळ. तिच्यासाठी त्याच्यासमोर टीव्हीवरच्या ‘बॉब कमिंग्ज शो’तली अ‍ॅन बी. डेव्हिसची भूमिका होती. दुसरा हॅपी होगन. मुष्टियुद्धात मार खाऊन खाऊन थोबाड चपटं झालेला, कधी न हसणारा ड्रायव्हर. हे तिघं एका खोलीत आले की कोण कुणावर प्रेम करतो आणि कोण ते बोलत नाही, हे संवादाचे फुगे झाकून ठेवले तरी कळतं. हे करून बघा, म्हणून मी मुद्दाम सांगतो. सुपरहिरो कॉमिकमधली किती पानं या परीक्षेला उतरतील? धडामधुडुम कळेल, मनातलं कळेल का?

एप्रिल १९६४ मध्ये ब्लॅक विडो आली. आज जिची ओळख काळा चामडी पोशाख आणि पिस्तुलं अशी आहे, ती नताशा पहिल्या भेटीत पोशाख घालून आलेलीच नाही. ती येते झुळझुळीत गाऊन घालून, चेहऱ्यावर जाळीचा बुरखा ओढून, जुन्या हेरपटांतल्या नायिकेसारखी. तिच्याकडं कोणतीही शक्ती नाही. ती समोरच्याकडं बघते, आणि हेकच्या हातून ते बघणं इतकं नेमकं उतरतं की शस्त्राची गरज लागत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अंकात हॉकआय. जत्रेत धनुर्विद्येचे खेळ करणारा एक कलावंत. मोडलेल्या पाळण्यावरच्या लोकांना आयर्न मॅन वाचवतो, गर्दी त्याचा जयजयकार करते आणि याच्या मनात मत्सर पेटतो. नताशा भेटते, तो तिच्या प्रेमात पडतो आणि वाट चुकतो. जगाचा नाश करायला कुणी निघालेलं नाही. एका माणसाला दुसऱ्याचा हेवा वाटला, बस. एवढ्यावर अख्खी कथा उभी राहते.

म्हणजे टोनी, पेपर, हॅपी, नताशा आणि क्लिंट, म्हणजे हॉकआय, यांचे पहिले चेहरे एकाच माणसानं, दीड वर्षात, एकाच मासिकात काढलेले आहेत. मार्व्हलच्या सिनेमांतून यांना वजा करा आणि काय उरतं ते पाहा.

या कामाची रीत माहीत असल्याशिवाय हेकच्या वाट्याचं मोल कळत नाही. मार्व्हलमध्ये चित्रकाराच्या हाती सहसा पूर्ण लिहिलेली संहिता येत नसे. ली फोनवर सुरुवात सांगे, शेवट सांगे. मधली पानं चित्रकारानं भरायची. कोण कुठं उभा राहील, कोण दार आपटून जाईल, कुठली चौकट मोठी, कुठली लहान, हे सगळं चित्रकार ठरवी. पानं रेखाटून झाली की ली त्यावर संवाद लिही. याला चित्र काढणं म्हणायचं की गोष्ट लिहिणं? नाव मात्र ‘चित्रकार’ एवढंच छापलं जाई आणि मेहनताना पानागणिक मिळे. पान दिलं, पैसे घेतले, संबंध संपला.

आपल्याकडंही वेगळं घडलं नाही. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठीत वेताळ वाचत मोठी झालेली पिढी ली फॉकचं नाव आठवते. तो घोड्यावरचा वेताळ ज्याच्या हातून उतरायचा त्या साय बॅरीचं नाव त्यातल्या कितीजणांना सांगता येईल?

हेक जन्मला २ जानेवारी १९२९ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. विशीत हार्वी कॉमिक्समध्ये लागला तो चित्रं काढायला नव्हे. वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांच्या फोटोप्रती कापून कॉमिकच्या पानावर बसवायचं काम त्याच्याकडं होतं. त्यात मिल्टन कॅनिफच्या पट्ट्या असत आणि कॅनिफ हा त्याचा आदर्श. आवडत्या चित्रकाराच्या चौकटी रोज हाताळायच्या, कात्रीनं कापायच्या, पुन्हा जुळवायच्या. यापेक्षा चांगली शाळा मला तरी माहीत नाही. कॅनिफकडून त्यानं काळ्या शाईचं धाडस घेतलं: अर्धा चेहरा अंधारात बुडवायचा, ओल्या रस्त्यावर सावली पसरू द्यायची, कपड्याची चुणी ब्रशच्या एका ओढीत काढायची. १९५३ मधल्या ‘हॉरिफिक’ या भयकथांच्या मासिकाचं त्याचं एक मुखपृष्ठ संग्राहक आजही शोधत असतात. त्यावर पानभर फक्त एक चेहरा आहे आणि त्याच्या कपाळात गोळी घुसते आहे. तेव्हापासूनच चेहरा हा या माणसाचा विषय होता.

१९५४ पासून तो स्टॅन लीकडं काम करू लागला. १९५७ साली ली जिथं संपादक होता त्या कंपनीचा धंदा बसला, बहुतेकांचं काम सुटलं, आणि हेक मॉडेल विमानांच्या कंपनीसाठी आराखडे काढत राहिला. परत बोलावणं आल्यावर प्रेमकथा, काऊबॉय, युद्ध, राक्षस, जे हाती पडेल ते काढलं. मग सुपरहिरोंची लाट आली आणि लीनं आपल्या सगळ्याच चित्रकारांपुढं एक माप ठेवलं: जॅक कर्बी.

कर्बी थोर होता. ग्रह फुटताहेत, मूठ पानाबाहेर येते आहे, इमारती कोसळताहेत, अशी चित्रं त्याच्यासारखी कुणी काढली नाहीत. पण ठुमरी गाणाऱ्याला पोवाडा म्हणायला उभं करायचं आणि आवाज फुटत नाही म्हणून हिणवायचं, हा कुठला न्याय? ‘अ‍ॅव्हेंजर्स’चे काही अंक तर कर्बीनं आधी मांडणी करून दिली आणि हेकला त्यावर काम करावं लागलं. त्यावर दुसऱ्याच कुणी शाई फिरवली की हेकची लवचिक रेघ ताठ आणि कोरडी होऊन छापली जायची. आणि दोष? तो हेकचा.

तरीही ‘अ‍ॅव्हेंजर्स’मधलं त्याचं काम मला फार मोलाचं वाटतं. १९६४ च्या नवव्या अंकापासून पुढं जवळजवळ तीन वर्षं ते मासिक मुख्यतः त्याच्या हाती होतं. १६व्या अंकात थॉर, आयर्न मॅन वगैरे बडी मंडळी निघून गेली. मागं उरले कॅप्टन अमेरिका, हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि त्याची बहीण स्कार्लेट विच. यात एकच जुना नायक, बाकी तिघं कालपर्यंतचे गुन्हेगार. वाचकांना हे पचेल का, अशी स्थिती होती. ते पचलं, कारण हेकनं या संघाच्या वाड्यात माणसं राहायला आणली. हॉकआय खुर्चीत पसरून टोमणे मारतो, कॅप्टन खिडकीशी पाठमोरा उभा असतो, बहीण-भाऊ दारात कुजबुजतात. नेतृत्वावरून भांडणं, रुसवे, एकमेकांना खोडणं. सुपरहिरोंचा संघ म्हणजे एका छपराखाली न पटणारी माणसं, ही कल्पना त्यानं चित्रात पक्की केली. सिनेमात अ‍ॅव्हेंजर्स मारामारीपेक्षा जास्त आपसात भांडताना रंगतात, त्याचं मूळ इथं आहे.

मग १९८०. ‘कॉमिक्स जर्नल’च्या ५३व्या अंकात लेखक हार्लन एलिसनची लांबलचक मुलाखत आली. या धंद्यातला सगळ्यात वाईट चित्रकार कोण, अशा थाटात गप्पा रंगल्या आणि नाव पडलं डॉन हेकचं. ज्या माणसानं तीस वर्षं वेळेवर पानं दिली, त्याची दोन वाक्यांत विल्हेवाट लागली. त्याच मुलाखतीतल्या शेऱ्यांवरून मायकेल फ्लायशर या कॉमिक लेखकानं वीस लाख डॉलरचा बदनामीचा दावा लावला आणि १९८६ साली तो हरला. त्या खटल्याची चर्चा आजही होते. हेक कोर्टात गेला नाही. तो काम करत राहिला. शेरा मात्र चिकटला, आणि एकही पान न पाहिलेले लोकसुद्धा तो उगाळू लागले.

आता अप्रिय भाग. हेकचं सगळंच काम चांगलं नाही. सत्तरच्या दशकात तो बराचसा डीसी कंपनीकडं वळला. तिथली काही पानं घाईची आहेत. पार्श्वभूमी रिकामी, अंगं लाकडी. १९८२ मध्ये ‘जस्टिस लीग’वर तो जॉर्ज पेरेझच्या मागोमाग आला. एकेका चौकटीत तीस-तीस माणसं बारकाईनं भरणाऱ्या पेरेझनंतर कुणीही उघडा पडला असता. पण कलावंताला त्याच्या थकलेल्या कामावरून जोखायचं हे कुणी ठरवलं? जॉन रोमिटाही प्रेमकथांमधूनच आला होता. त्याला १९६६ साली ‘स्पायडर-मॅन’ मिळालं, जिथं कॉलेज, कॉफी हाऊस, मुली, रुसवेफुगवे होते, आणि तो मोठा झाला. पुढं हेक त्याच मासिकाचे काही अंक करत होता, पण रोमिटाच्या मांडणीवर. ते मासिक थेट हेकच्या हाती पडलं असतं तर, असा विचार मनात येतोच.

२३ फेब्रुवारी १९९५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानं तो गेला. ‘आयर्न मॅन’ सिनेमाला अजून तेरा वर्षं होती. सिनेमानंतरच्या वर्षी, २००९ मध्ये, डिस्नेनं मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली आणि २०१२ च्या एकट्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’नं जगभरात दीड अब्जाहून जास्त गल्ला जमवला. अमेरिकी कायद्यात इतक्या जुन्या कामाचे हक्क छप्पन्न वर्षांनी परत मागण्याची सोय आहे. तिचा आधार घेऊन हेकच्या वारसदारांच्या बाजूनं नोटीस गेली. लीबर, तसंच मार्व्हलसाठी काम केलेले जीन कोलन, डॉन रिको आणि डिट्को यांचे वारस, यांच्याकडूनही अशाच नोटिसा गेल्या होत्या. कंपनीनं २०२१ साली उलट दावे लावले: हे काम कंपनीनं सांगून करून घेतलेलं, हक्काचा प्रश्नच नाही. २०२३ मध्ये प्रकरणं तडजोडीनं मिटली. कंपनीचे वकील या माणसाची रेघ किती किमतीची आहे हे ओळखून होते. ते न ओळखणारे उरले ते वाचक आणि समीक्षक.

२०१४ साली जॉन कोट्सनं हेकवर पूर्ण पुस्तक काढलं, ही समाधानाची गोष्ट. पण पुस्तकाआधी मूळ पानं पाहावीत, असा माझा आग्रह आहे, आणि तीसुद्धा जिथं पेन्सिल हेकची आणि शाईही हेकचीच आहे ती. ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चा ४५वा, ५२वा आणि ५७वा अंक. हे सगळे आयर्न मॅनच्या संग्रहांतून पुन्हा छापले गेले आहेत, मिळायला अडचण नाही. सुरुवात ५७व्यानं करा, जत्रेतल्या त्या जळफळणाऱ्या धनुर्धरापासून.