साहेब रुजू झाले

मराठवाड्यात बदली झालेला अधिकारी दोनदा रडतो, असं आमच्याकडं जुने लोक सांगतात. एकदा येताना आणि एकदा जाताना. कुत्र्याचं पिल्लू फक्त येताना रडतं. जाताना काय होतं ते पुढं येईलच. बाकी दोघांचं सगळं सारखं असतं. पुण्याहून नाहीतर हैदराबादहून निघायचं, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीजवळ खोक्यात गचके खायचे आणि पहाटे नांदेडात उतरायचं. ओळखीचं एक माणूस नाही, हवा निराळी, पाणी निराळं. आणि डोळे चोळायच्या आत सत्कार.

सत्काराशिवाय नांदेडात कुणालाही रुजू होता येत नाही. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, कपाळाला कुंकू लावतात, गळ्यात झेंडूचा हार घालतात. तो हार साहेब तिथल्या तिथं चावायला घेतात. मग फोटो. ‘आमच्या घरी नवीन पाहुण्याचे आगमन’ असं स्टेटस पडलं की अर्ध्या तासात गल्ली लोटते. जो येतो तो उचलून घेतो, पोट दाबून बघतो, शेपटी वर करून नर का मादी याची खात्री करतो आणि चहा पिऊन जातो. पिल्लाला या वेळी एक कोपरा, पाण्याची वाटी आणि दोन-चार तास कुणी हात न लावणं एवढंच पाहिजे असतं. नव्या कलेक्टरलाही बहुधा एवढंच पाहिजे असतं. मिळत कुणालाच नाही.

निवड कशी होते, हा स्वतंत्र विषय आहे. घरातला कॉलेजला जाणारा पोरगा मोबाईलवर व्हिडिओ बघून कुत्रं ठरवतो आणि बापाला फक्त रक्कम सांगतो. विकणाऱ्याची भाषा सराफाला लाजवेल अशी. ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘शो क्वालिटी’, ‘विथ पेपर’, ‘विदाऊट पेपर’. पेपर म्हणजे केनेल क्लबचा वंशावळीचा कागद. ज्या घरानं स्वतःच्या पणजोबाची नोंद शोधायला तहसील आणि गॅझेटिअर पालथं घातलं, त्या घरात कुत्रं मात्र तीन पिढ्यांची वंशावळ तोंडात धरून उतरतं. वयाचं विचारलं तर विकणारा म्हणतो, ‘फुल दोन महिने.’ कायदा त्याला पाठ असतो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे २०१७चे केंद्रीय नियम आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू देत नाहीत. जनावरांचा डॉक्टर दात बघून सांगतो, ‘जेमतेम महिन्याचं आहे हो.’ आईच्या दुधावरून ओढून काढलेलं ते लेकरू मग तुमच्या सोफ्याखाली बसून रात्रभर आईला हाका मारतं आणि आपण म्हणतो, लई नखरे करायलंय.

बरं, आणायचं तर काय आणायचं? लातूरचे लोक हस्की आणतात. बर्फावर गाडी ओढायला सैबेरियात जन्मलेली, अंगावर दुहेरी कोट घातलेली जात. हे तेच लातूर, ज्याला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी पाजावं लागलं होतं. पहिली ‘जलदूत’ आली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं आणि लोक स्टेशनात जाऊन तिचे फोटो काढत होते. त्या गावात आता वैशाखात हस्कीसाठी कूलर, कूलरसाठी पाणी आणि पाण्यासाठी टँकर अशी साखळी चालते. पारा बेचाळिसाच्या पुढं गेला की कुत्रं न्हाणीघरातल्या फरशीवर पोट टेकून पडतं आणि घरातल्या माणसांच्या अंघोळी उशिरा होतात. तरी मालक कौतुकानं सांगतो, ‘त्याला गरमी सहन होत नाही.’ गरमी तुम्हाला तरी सहन होते का? पण तुम्हाला कुणी हस्की म्हणत नाही.

आणि हे सगळं नांदेड-लातूर रस्त्यावर घडतं याचं मला जास्त नवल वाटतं. याच रस्त्यावर चाकूर तालुका लागतो आणि त्या तालुक्यात जानवळ हे गाव आहे. कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी जाणकार लोक या गावाचं नाव घेतात. लांब पाय, आत ओढलेलं पोट, अरुंद तोंड आणि वाऱ्यासारखी धाव. कारवानीच्या अंगावर केस आखूड, म्हणजे आपल्या उन्हाला शिवलेला अंगरखाच. पश्मीला कानावर नि शेपटीवर थोडी झालर, एवढाच शौक. याच गोतातलं कर्नाटकातलं मुधोळ हाउंड. ते २००५ साली टपाल तिकिटावर आलं. मुधोळच्या घोरपडे राजांनी पाचव्या जॉर्जला ही कुत्री भेट दिली, असं अभिमानानं सांगतात. पुढं सैन्यानंही त्यांना दारात घेतलं. ३० ऑगस्ट २०२०च्या ‘मन की बात’मध्ये खुद्द पंतप्रधानांनी देशी जातीची कुत्री पाळा म्हणून सांगितलं. तो कार्यक्रम आमच्या गल्लीत सगळ्यांनी ऐकला आणि दिवाळीला तीन घरांत लॅब्राडोर आले. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. हेच कारवानी उद्या परदेशातून ‘विथ पेपर’ परत आलं तर आपण रेल्वे स्टेशनवर बॅण्ड घेऊन उभे राहू.

असो. आलेल्या साहेबांचं नाव ठेवायचं असतं. मोत्या, खंड्या, वाघ्या ही नावं केव्हाच सेवानिवृत्त झाली. आता ब्रुनो, रॉकी, सिंबा. नावाबरोबर माध्यमही ठरतं, ते इंग्रजीच. घरात सगळे ‘काय करायलास, जेवलास का’ असं बोलतात, फक्त कुत्र्यासमोर आले की ‘नो ब्रुनो, सीट ब्रुनो, कम हिअर’. माय बिचारी जन्मभर ‘यू यू यू’ करून बोलवायची आणि ‘हाड’ म्हणून घालवायची. कुत्र्यांशी एवढ्या दोन शब्दांत तिनं सत्तर वर्षं उत्तम संबंध ठेवले. आता तिच्या ‘हाड’ला नातू रागावतो, कारण कुत्रं कन्फ्यूज होतं म्हणे. पोरगा म्हणतो बस, सून म्हणते सीट, बाप म्हणतो ‘अबे ठैर’, आणि तिघं तिन्ही वेळा बिस्कीट देतात. एका कामाला एकच शब्द आणि तो घरातल्या सगळ्यांनी वापरायचा, मग तो मराठी असो नाहीतर कन्नड, हे कळायला कुत्र्याला वेळ लागत नाही. माणसांना लागतो.

पहिल्या रात्रीबद्दल प्रत्येक घरात दोन पक्ष पडतात. एक कडक पक्ष: ‘बाहेर बांधा, रडून रडून गप बसतं.’ दुसरा मवाळ: ‘घ्या गादीवर.’ माय तिसरीच. तिचं म्हणणं, दिष्ट लागली. ती मीठ-मिरच्या ओवाळते, गळ्यात काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधते आणि त्या निमित्तानं अर्धा तास त्याच्याजवळ बसते. पिल्लू झोपतं. बिब्ब्याला गुण आला म्हणून सगळे मान डोलावतात. कालपर्यंत पाच-सहा भावंडांच्या ढिगात झोपलेलं जनावर एकटं पडलं की ओरडणार, आणि माणसाचा वास जवळ असला की निजणार, यात बिब्ब्याचा काही हात नाही. पहिले काही दिवस त्याचं खोकं कुणाच्यातरी अंथरुणाशेजारी ठेवलं तर गल्लीही झोपेल. पण मायच्या श्रेयाला धक्का लावायची हिंमत आमच्यात नाही.

मग येतो शू-शीचा प्रश्न. साहेबांनी पहिल्याच सकाळी देवघराची पायरी निवडली की घरात आणीबाणी. नाक घासा, पेपरची गुंडाळी करून हाणा, असे जुने जालीम उपाय बाहेर निघतात. मार खाऊन पिल्लू एवढंच शिकतं की माणसांच्या समोर हे करायचं नसतं, आणि पुढचं काम दिवाणाखाली उरकतं. झोपून उठलं की, खाल्लं की आणि खेळून दमलं की लगेच उचलून त्याच एका जागी न्यायचं, झालं की शाबासकी द्यायची, एवढाच तो सगळा मंत्र आहे. अवघड भाग ‘लगेच’ हा. कारण पहाटे साडेपाचला तो लगेच कुणाचा, यावर कुटुंबाचं एकमत होत नाही. रायगडावरच्या वाघ्याचा पुतळा असावा की नसावा यावरून २०१२ साली महाराष्ट्र पेटला, २०२५ साली पुन्हा पेटला. इतिहासातल्या कुत्र्यासाठी रस्त्यावर उतरायला माणसं कमी पडत नाहीत. जिवंत कुत्र्याला घेऊन रस्त्यावर उतरायला मात्र घरात चौघं असून एक मिळत नाही. तोवर जमिनीवर वर्तमानपत्र अंथरतात. हे सदर ज्या पानावर येतं ते पान वरच्या बाजूला असतं, असं वाचक आवर्जून कळवतात. आभारी आहे.

खाण्याच्या बाबतीत आपण उदार. सकाळी वाटीभर गाईचं दूध पाजतात, दुपारपर्यंत जुलाब सुरू होतात, कारण कित्येक पिल्लांना ते पचत नाही. मग त्यावर उपाय म्हणून ताक. पाहुणे चॉकलेट देतात, आजोबा मनुके देतात, कुणी कांदा-लसणाचं कालवण भाकरीवर ओततं. चॉकलेट, मनुके, कांदा, लसूण ही चारही कुत्र्याला विषासारखी, पण ‘आमच्या शेतातली कुत्री सगळं खायची’ हा पुरावा तयार असतो. शेतातली किती पिल्लं जगली आणि किती गेली याची वही कुणी ठेवली नव्हती.

लसीचंही तसंच. सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांच्या सुमाराला रेबीजची, आणि पुढं नेमानं. हे पुरं व्हायच्या आत पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि रक्ताचे जुलाब लागलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. पण साहेबांचा जनसंपर्क दौरा रुजू झालेल्या संध्याकाळीच सुरू होतो. पानटपरी, मारुतीचं देऊळ, मग चौक. चौथ्या-पाचव्या दिवशी ते मलूल पडतात, तेव्हा जनावरांच्या सरकारी दवाखान्याची आठवण येते. तिथलं दृश्य बघण्यासारखं असतं. एका बाजूला लाल कंधारी बैल, दुसऱ्या बाजूला देवणी गाय, आणि मध्ये गुलाबी स्वेटर घातलेले ब्रुनो. शेतकरी विचारतो, ‘भाऊ, हे कशाला लागतंय?’ या प्रश्नाचं उत्तर अजून कुणाला देता आलेलं नाही. आपल्याकडं उदगीरला चांगलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मास्तरांना विचारायचं सोडून आपण ज्यानं पिल्लू विकलं त्यालाच फोन करतो. तो म्हणतो, ‘एलोव्हेरा द्या.’

आणि हो, पिल्लू खेळता खेळता चावलं, ओरखडलं, तर ‘घरचंच आहे’ म्हणून हळद चेपू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शनं ही गोष्ट आता फक्त गप्पांत उरली आहे. सुई दंडातच बसते. हा परिच्छेद गमतीचा नाही.

सहा महिने सरतात. साहेबांचं वजन वीस किलोच्या पुढं जातं. चपला, चार्जर आणि सोफ्याचा कोपरा यांचा निकाल लागलेला असतो. जूनमध्ये शाळा उघडते, पोरगा इंजिनिअरिंगला पुण्याला जातो, आणि एके दिवशी जेवताना बाप म्हणतो, ‘आखाड्यावर नेऊन सोडू, राखण तरी करंल.’ ही त्यांची दुसरी बदली. शेतातल्या आखाड्यावर सालगडी असतो, पाऊस असतो, विंचू असतात. लॅब्राडोर मनानं एवढा मोकळा की चोर आला तरी बॅटरीच्या उजेडात शेपूट हलवत त्याला विहिरीपर्यंत पोचवून येतो. काहींच्या नशिबी आखाडाही नसतो, बायपासच असतो. गाडी थांबते, दार उघडतं, गाडी जाते. जाताना काय होतं ते हे. ११ ऑगस्ट २०२५ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली भटकी कुत्री उचला म्हटलं, २२ ऑगस्टला नसबंदी आणि लस करून होती तिथंच परत सोडा म्हटलं. त्या अकरा दिवसांत देशभर जोरजोरात वाद झाला. आमच्या गल्लीतले दोघंजण त्यात हिरिरीनं बोलत होते, एक कुत्र्यांच्या बाजूनं आणि एक विरोधात. त्या दोघांचेही ब्रुनो बायपासला आहेत.

जाता जाता एक गोष्ट हळू आवाजात सांगतो. महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवायची तरतूद जुन्या काळापासून आहे. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडं महापालिका आहे, आणि त्यांनी हे वाचू नये. वाचलं तरी आधी रस्त्यांचं बघावं.

माळेगावची यात्रा मार्गशीर्षात भरते. लोहा तालुक्यातला हा खंडोबा, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच. तिथं घोडे, उंट, गाढवं यांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही असतं. पोराला घेऊन जा, कारवानी-पश्मी उभी राहिलेली बघा, पाळणाऱ्या माणसांशी बोला, त्यांना दात, दूध, लस, उन्हाळा सगळं विचारा आणि त्या दिवशी पिल्लू न घेता परत या. घरी आल्यावर एक कागद काढा. पहाटे साडेपाचला कोण उठणार, मेमध्ये गावाला गेल्यावर कोण सांभाळणार आणि पोरगा शिकायला गेल्यावर कोण, या तीन ओळींपुढं घरातल्या मोठ्या माणसांच्या सह्या घ्या. सह्या झाल्या तर जानवळ लांब नाही. नाही झाल्या तर कृपा करून साहेबांची बदली तूर्त रद्द करा.