घरबसल्या शिका : निःपक्षपाती ग्रामसभा

तुम्ही शिकलात, छत्रपती संभाजीनगरात चार पावसाळे काढलेत आणि भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत परत आलात. आल्या आल्या तुमच्या डोक्यात आलं की गावातले निर्णय सगळ्यांना विचारून, सगळ्यांची मतं सारखी मोजून व्हावेत. घाबरू नका. हे दुखणं पंचविशीत पुष्कळांना होतं आणि पहिल्याच ग्रामसभेत उतरतं. तोवर पुढच्या पायऱ्या पाठ करा. (हसनाबाद फक्त उदाहरणादाखल घेतलं आहे. तिथल्या पंचायतीवर आमचा काडीचाही रोख नाही. तुमच्या गावावर असू शकतो.)

१. आधी कोरम बुडवा.

नवशिका मतं मोजायला धावतो. मुरलेला माणूस आधी खुर्च्या मोजतो. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसं लागतात. पण एवढ्यांना चहा कोण पाजणार? कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. तेव्हा सभा कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, सकाळी अकराला ठेवा. अर्धा तास वाट पाहा, चेहरा दुःखी करा, तहकूब करा. पुढच्या वेळी सात जणांत गाव चालवा.

नोटीस सात दिवस आधी लावावी लागते. अवश्य लावा, पंचायतीच्या बोर्डावर, मागच्या वर्षीच्या पोलिओ डोसच्या कागदाखाली. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाका आणि लगेच वर पंचवीस गुड मॉर्निंग सोडा. ज्याला खरंच हवी त्याला ती सापडते.

२. महिलांना पुढे आणा, म्हणजे त्यांचं रजिस्टर पुढे आणा.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या, हेही आहे. दोन्हींचा आदर राखायचा सोपा मार्ग म्हणजे शिपायाला रजिस्टर घेऊन घरोघर पाठवणे.

‘वहिनी, इथं सही.’
‘कशाची हो?’
‘सभेची.’
‘कधी आहे?’
‘झाली.’

वहिनी पिठाचा हात पदराला पुसतात आणि सही करतात. रजिस्टरच्या पानावर कणकेचा डाग राहतो. तो पुसू नका. उपस्थितीचा तेवढाच अस्सल पुरावा आहे.

३. मत हात वर करून घ्या.

गुप्त मतदानानं माणसं बिघडतात. हात वर करायला सांगितलं की ज्याच्या दुकानात उधारीची वही आहे, तो पहिल्या रांगेत बसून नुसतं मागे वळून पाहतो. तेवढ्यानं पुरतं एकमत होतं. पोरं आधुनिक असतील तर व्हॉट्सअॅपवर पोल घ्या. कोणी कशाला मत दिलं, ते त्यात बोट लावलं की दिसतं.

४. भाजक सांभाळा.

ही पायरी नीट वाचा, बाकीच्या विसरलात तरी चालेल. सगळे भांडतात अंशावरून, म्हणजे किती मतं पडली यावरून. छेदाकडे कोणी बघत नाही.

दारूबंदीचं मतदान घ्या. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. इतकी समजायला सोपी मतपत्रिका जगात दुसरीकडे नसेल. मात्र आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, ती मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या महिलांच्या निम्म्याहून जास्त.

आता हिशेब करा. समजा, यादीत १,००० बाया. मतदानाला ६०० आल्या. त्यांतल्या ४८० जणींनी बाटली आडवी केली, १२० जणींनी उभी ठेवली. चारास एक. निकाल काय? उभी बाटली जिंकली. कारण न आलेल्या ४०० जणीही तिच्याच खात्यात जमा होतात. त्यांत ऊसतोडीला गेलेल्या असतात. लग्न होऊन सिल्लोडला नांदणाऱ्या असतात. ज्यांना नवऱ्यानं सकाळी घराबाहेर पडू दिलं नाही त्याही असतात. आणि तीन वर्षांपूर्वी वारलेल्या, नाव कमी करायचं राहून गेलेल्या सासूबाईही असतात. हयातभर त्यांनी दारूला शिव्या घातल्या. आता त्यांचं मत कायमचं बाटलीला.

हा छेद आमदारकीला लावला तर किती जण निवडून येतील, ते ज्यानं त्यानं आपल्या मतदारसंघाचे आकडे काढून पाहावं. आमच्या मते हा नियम सरळसरळ दुकानाच्या बाजूचा आहे. पण आपण इथं शिकवायला बसलो आहोत, तेव्हा पुढे.

५. शिफारशीची यादी गुणांवर करा.

पंतप्रधान आवास योजनेत (ग्रामीण, २०१६) घरकुल कोणाला आधी, हे २०११ च्या सर्वेक्षणावरून ठरायचं आणि ग्रामसभेनं त्यावर शिक्कामोर्तब करायचं, अशी रीत पडली. सुरुवातीला ज्याच्याकडे फ्रीज तो बाद, दुचाकी तो बाद, लँडलाइन फोन तोही बाद. पुढे काही अटी सैल झाल्या. अट कुठलीही असो, सर्व्हेवाला येण्याच्या दिवशी फ्रीजवर गोधडी टाका आणि वर देव मांडा. देव्हारा कुठल्याच रकान्यात येत नाही. खरोखर कुडाच्या घरात राहणाऱ्या म्हातारीला हे सुचत नाही, कारण तिच्याकडे झाकायला काही नसतं. तिला धीर द्या. पुढच्या यादीत नक्की, म्हणा.

६. क्रम तुम्ही लावा.

निधी एक, कामं तीन: सभामंडप, नाली, सौरदिवे. वरच्या आळीला आधी मंडप, मग नाली, मग दिवे. मधल्या आळीला नाली, दिवे, मंडप. खालच्या आळीला दिवे, मंडप, नाली. तिन्ही आळ्यांत माणसं सारखी. मंडप-नाली लावा, मंडप जिंकतो. नाली-दिवे लावा, नाली जिंकते. दिवे-मंडप लावा, दिवे जिंकतात! फ्रान्सच्या काँदोर्सेनं ही गाठ १७८५ मध्ये दाखवली. तुम्हाला मंडप हवा ना? मग आधी नाली-दिवे घ्या. दिवे पडले की नालीसमोर मंडप उभा करा. एकही मत खोटं नाही, एकही हात दाबलेला नाही. कोणी कुरकुर केलीच तर सांगा, की तीन पर्याय असले की सगळ्या रास्त अटी पाळणारी पद्धत असूच शकत नाही, हे केनेथ अॅरोनं १९५१ मध्ये सिद्ध केलंय आणि त्याला पुढे नोबेलही मिळालं. समोरचा गप्प होतो. अॅरो कुठल्या पक्षाचा, एवढं तो विचारेल.

७. जमलं तर मतदानच टाळा.

नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यानं हे करून पाहिलं. मंदिरासाठी म्हणून ग्रामपंचायतीच्या पदांची बोली लागली आणि ती दोन कोटींच्या पुढे गेली. नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाख. मोजायला सोपं, वादाला जागा नाही. राज्य निवडणूक आयोगानं मात्र जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांच्या निवडणुकाच रद्द केल्या, कारण बोलीचे व्हिडिओ गावभर फिरले होते. नवशिक्यांनी बोध घ्यावा: मोबाइल दारात जमा करून घ्यावेत.

८. बरोबरी झाली तर चिठ्ठी.

दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठी टाकतात आणि ती बहुतेकदा एखाद्या पोराकडून काढून घेतात. या पायरीत मात्र लबाडीला वाव नाही, म्हणून आम्हाला ती आवडत नाही. तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरला दहाव्या शतकात, चोळांच्या काळी, सभेच्या समित्यांचे सभासदच असे निवडत. ताडपत्रावर नावं लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलानं एकेक काढायची. तिथल्या देवळाच्या भिंतीवर अटीही कोरल्या आहेत. आधी समितीवर असून ज्यानं हिशेब दिला नाही, त्याचं नाव मडक्यात पडायचं नाही; त्याच्या जवळच्या नातलगांचंही नाही.

मडकं आणि पोरगं घ्या. अट घेऊ नका. मग सभेला बसायला माणूस उरणार नाही.

यातलं काही कळलं नसेल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा. ग्रामसभा मागच्या मंगळवारी झाली.