टेकडीचे अध्यक्ष

पुण्यातल्या प्रत्येक टेकडीला एक अध्यक्ष असतात. निवडणूक झालेली नसते, संस्था नोंदवलेली नसते, घटना तर नसतेच. सकाळी साडेसहाला एखाद्या बाकाभोवती पाच-सहा माणसं जमली की त्यांतला जो बसलेला असतो, तो अध्यक्ष. बाकीचे उभे असतात, कारण त्यांना अजून चालायचं असतं.

आमचे तळजाईचे अध्यक्ष पोशाखाच्या बाबतीत कुठेही कमी पडत नाहीत. कानटोपी, पांढरे शुभ्र बूट (शुभ्र का राहतात ते पुढे येईलच) आणि भाच्याने धावलेल्या मॅरेथॉनचा टीशर्ट. त्यांच्या चालण्याची एक पद्धत आहे. वीस पावलं चालायचं आणि मुद्दा आला की थांबायचं. मुद्दे त्यांच्याकडे भरपूर आहेत. त्यामुळे फाटकापासून बाकापर्यंतचं अंतर ते पाऊण तासात कापतात आणि उतरताना 'आज चांगला राऊंड झाला' असं पूर्ण प्रामाणिकपणे म्हणतात.

व्यायामाला त्यांचा विरोध आहे असं कुणी समजू नये. त्यांचा व्यायामाचा अभ्यास दांडगा आहे, फक्त तो एकाच दिशेला जातो. दहा हजार पावलांचा विषय निघाला की ते बाकावर सरसावून बसतात. "अहो, हे काय वेदांत लिहिलंय? १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक'! आकडा जाहिरातीचा आणि घाम तुमचा." पंचाईत अशी की ही माहिती खरी आहे. अशा माणसाशी वाद घालता येत नाही. नुसतं उभं राहून ऐकावं लागतं, आणि मग आपलीही पावलं पडत नाहीत.

वर्षाचे अकरा महिने हे असं चालतं. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनु राशीत शिरला की मात्र अध्यक्षांच्या अंगात चैतन्य संचारतं. एका सकाळी ते बाकावरून चक्क उठून उभे राहतात आणि जाहीर करतात, "उद्या टेकडी नाही. उद्या धुंधुरमास."

नव्या पिढीतल्या कुणाला ठाऊक नसेल तर सांगतो. सूर्य मकरेत जाईपर्यंतच्या या महिनाभरात एका तरी दिवशी भल्या पहाटे स्वयंपाक करून, उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवून तिथल्या तिथे जेवायला बसायचं असतं. नाश्ता नव्हे, जेवण. पुण्यात त्या दिवसांत सूर्योदय सातच्या आसपास, म्हणजे नेमका टेकडीच्या वेळेला होतो. याला अध्यक्ष योगायोग मानत नाहीत.

आमच्यात एक डॉक्टर आहेत. एरवी ते दुसऱ्याच्या चहातली साखरसुद्धा मोजतात. निमंत्रण ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "लोणी घरचं का?"

शंका काढली ती आमच्या वैद्यबाईंनी. अध्यक्षांनी ताबडतोब वाग्भट काढला. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, रात्री मोठ्या असतात, त्यामुळे माणसाला सकाळीच भूक लागते, असं अष्टांगहृदयात म्हटलेलं आहे. "आहे ना," बाई म्हणाल्या, "आणि त्याच अध्यायात अंगाला तेल चोळून तरबेज माणसांशी कुस्ती खेळावी असंही आहे." अध्यक्ष क्षणभरही डगमगले नाहीत. "मल्ल घेऊन या. मी तयार आहे. तोवर भाकरी गार होऊ द्यायची का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळे बूट घालून त्यांच्या घरी पोचलो. सवयीचा भाग. व्यायाम अगदीच बुडायला नको म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढलो. अध्यक्ष खाली घ्यायला आले होते, ते लिफ्टने वर गेले. दारात स्वागताला कुणीतरी हवं ना.

आत भाजलेल्या वांग्याचा वास भरून राहिला होता. भरताची मोठी, हिरवट जळगावी वांगी. मुगाच्या डाळीची खिचडी, तिच्यावर तूप. गाजराची कोशिंबीर, तिळाची चटणी, गुळाचा खडा. आणि बाजरीची भाकरी, वरून तीळ लावलेली. बाजरीच्या पिठाचं कसं असतं, ते मळून ठेवलेलं चालत नाही. एकेका भाकरीपुरतं घ्यायचं, गरम पाण्यात तळहाताने रगडायचं, थापायचं, तव्यावर टाकून पाणी फिरवायचं आणि मग जाळावर धरायचं, तेव्हा कुठे ती टम्म फुगते. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत लोण्याचा गोळा सोडला की तो नाहीसा होण्याआधी तोंडात घास जायला हवा. इथे वेगाला महत्त्व आहे, आणि वेगात अध्यक्षांना कुणी गाठू शकलं नाही.

"भरीत माझं बरं का!" ते दर घासाला सांगत होते. म्हणजे गॅसवरची वांगी त्यांनी उलटवली होती.

तिसरी भाकरी चालू असताना आमच्यातल्या इंजिनियरच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला, असा त्याचा निरोप होता.

"त्याला सांगा, पंगत चालू आहे," अध्यक्ष म्हणाले.

"ते घड्याळ जरा इकडे द्या," आतून वहिनींचा आवाज आला. "मी साडेतीनपासून उभी आहे. निदान पावलं तरी मोजली जातील."

पंगतीत अर्धा मिनिट कुणी काही बोललं नाही. मग डॉक्टरांनी लोणी मागितलं. वैद्यबाई तेवढ्या हात धुऊन आत गेल्या आणि पुढच्या चार भाकऱ्या त्यांनी थापल्या. तो वाग्भटाचा नसला तरी त्या सकाळचा एकमेव व्यायाम होता.

ताक पिऊन झाल्यावर गंभीर चर्चा झाली. वजनाचं काहीतरी केलंच पाहिजे, यावर एकमत होतं. उद्यापासून नेटाने सुरुवात करू, असं एकाने सुचवलं. अध्यक्षांनी कॅलेंडर मागवलं. "सुरुवात अर्धवट नको," ते म्हणाले. "मध्ये भोगी आहे. न खाई भोगी तो सदा रोगी, ही म्हण आरोग्याचीच आहे. दुसऱ्या दिवशी संक्रांत. गुळाच्या पोळ्या टाळणं बरं दिसत नाही. तेव्हा उत्तरायण लागलं की कडक."

"पण त्यानंतर लगेच हुरडा," इंजिनियर म्हणाला. त्याचं शेत सोलापूरकडे आहे.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. हुरडा शेतात असतो, शेतात चालावं लागतं, म्हणजे तो टेकडीतच धरायला हरकत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. मग किती जण, गाड्या किती आणि निघायचं किती वाजता हे प्रश्न आले. गाडी बांधापर्यंत जाते का, हे मी विचारून घेतलं. जाते म्हणाला. मी पुढची सीट धरली.