भोरघाटात ‘मे ए’

कर्जतला गाडीच्या शेपटाला इंजिनं लागली की डब्यात वडे आणि इतिहास एकदमच फिरू लागतात. १८६३ साली भोरघाटातून रेल्वे धावू लागली, चढण सदतीस फुटांमागे एक फूट, म्हणून मागून ढकलावं लागतं, हे दर फेरीला कुणीतरी कुणाला तरी ऐकवतंच. आमच्या डब्यात ते ऐकवून झालं आणि व्याकरण सुरू झालं.

दादरच्या स्पॅनिश वर्गाची सहल होती. बाईंची अट एकच: खंडाळ्यात आज स्वतःचं जे काही होईल ते आत्मवाचक क्रियापदात आणि पूर्ण वर्तमानकाळात सांगायचं. मराठीत ‘उठलो आहे’ म्हणताना ‘आहे’ मागून ढकलतं, कर्जतच्या इंजिनासारखं. स्पॅनिशचं इंजिन पुढे: आधी ‘मे’, मग ‘ए’, मग ‘लेवांतादो’. ‘ए’ आणि ‘लेवांतादो’ यांच्यामध्ये कुणालाही घुसू देत नाहीत. नकारसुद्धा पार पुढच्या टोकाला जातो. ‘नो मे ए दुचादो’, म्हणजे अंघोळ केलेली नाही, हे वाक्य डब्यातल्या निम्म्या पुरुषांना पहिल्याच झटक्यात जमलं.

बाई म्हणाल्या, बाईमाणूस उठलं तरी ‘लेवांतादो’च, ‘लेवांतादा’ नाही.

“उठण्यात तरी समानता आली म्हणायची,” काकू म्हणाल्या. त्यांची मुलगी मेक्सिकोत असते. तिकडे सकाळच्या उठण्याला साधा भूतकाळ लावतात, ‘मे लेवांते’, विषय संपला. स्पेनमध्ये मात्र आजचं उठणं दिवसभर ताजं राहतं. “मग माझं स्पेनचंच. पाचला उठलेय ती अजून बसलेली नाही.”

लोणावळ्याला उतरून रिक्षांनी खंडाळा गाठलं. राजमाची पॉइंटवर धुकं असं की श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले गायब. ‘से आन एस्कोंदिदो’, लपून बसलेत, असं कुणीतरी म्हणालं आणि बाईंचे डोळे भरून आले. वेलिंग्टनच्या नाकावरून इंग्रजांनी ज्याला ‘ड्यूक्स नोज’ म्हटलं ती नागफणीही लपलेलीच. दिसत होती ती फक्त माकडं. त्यातल्या एकानं काकूंच्या हातातलं कणीस ओढलं. बाईंनी तिथेच तास घेतला: ‘आ कोमिदो’ म्हणजे नुसतं खाल्लं, ‘से आ कोमिदो’ म्हणजे सगळंच्या सगळं फस्त केलं. माकडानं तोवर दुसरा प्रयोग सिद्ध करून दाखवला होता.

पण दिवस खरा गाजवला तो बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी. त्यांची छत्री दरीत गेली तेव्हा बाईंनी वाक्य दिलं: ‘से मे आ काईदो’. मराठीत ‘माझ्या हातून पडली’ म्हटलं तर निदान हात तरी सापडतो. इथे छत्री आपली आपण पडते, आणि ‘मे’ म्हणजे ज्याची गेली तो बिचारा. चाळीस वर्षं खुलासे मागवणाऱ्या माणसाला इतकं निर्दोष व्याकरण पहिल्यांदाच भेटत होतं. मग चष्मा पडला तर अनेकवचनी, ‘से मे आन काईदो’. कपाचा कान तुटला तर ‘से मे आ रोतो’. गृहपाठ कधी न करणारे काका भराभर बोलू लागले.

शेवटी चहाभज्यांचं बिल आलं. काकांनी खिसे चाचपले, चेहरा पाडला आणि अस्खलित म्हणाले, “से मे आ ओल्विदादो ला कार्तेरा.” पाकीट स्वतःच विसरलं गेलं होतं.

बाईंनी उच्चाराला दहापैकी नऊ गुण दिले आणि बिलही भरलं.